नवा कूलर घेण्याआधी घड्याळ लावा: ओव्हरक्लॉक केलेला १०७००के मध्येच का कोसळतो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर इथेच लक्षात येईल. तुम्ही जळगावात आर्किटेक्टांना घरांचे थ्रीडी व्ह्यू करून देता. मशीनमध्ये इंटेलचा आय-७ १०७००के प्रोसेसर आहे, झेड४९० चिपसेटचा मधल्या किमतीचा बोर्ड आहे आणि चार महिन्यांपूर्वी जुना टॉवर कूलर काढून २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर बसवलाय. ओव्हरक्लॉक म्हणून, म्हणजे प्रोसेसर मूळ वेगापेक्षा जोरात चालवायला, आठही कोअरचा मल्टिप्लायर ५० केलाय (५० गुणिले १०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ५ गिगाहर्ट्झ), व्होल्टेज अ‍ॅडॅप्टिव्ह आहे, म्हणजे स्पीडप्रमाणे कमी-जास्त होणारं, लोडवर १.३२ व्होल्ट दिसतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर लावला की पन्नासेक सेकंद ५ गिगाहर्ट्झ टिकतं, मग ४.२-४.३ वर उतरतं आणि तिथेच बसून राहतं. मित्राने सांगितलं म्हणून बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, पॉवर लिमिटच्या (वीज ओढण्याच्या मर्यादेच्या) जागी ४०९५ टाकलं. ती घसरण गेली, पण आता पंचवीसेक मिनिटांनी स्पीड थेट ८०० मेगाहर्ट्झवर कोसळतो, दोन-चार सेकंदांत वर येतो, पुन्हा कोसळतो. प्रोसेसरचं तापमान तेव्हा ८६ असतं, खोलीचं २८. दुकानात प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट बदलून दिली, फरक पडला नाही. आता ३६० चा कूलर घ्या असा सल्ला मिळालाय आणि तुम्ही तो ऑर्डर करायच्या बेतात आहात.

तो कूलर घेऊ नका. तुमच्या दोन्ही तक्रारींपैकी एकही त्याने सुटणार नाही.

मी नागपुरात एडिटिंग आणि रेंडरिंगची मशिनं बांधतो. ‘ओव्हरक्लॉक टिकत नाही’ म्हणून एखादं मशीन माझ्याकडे आलं की तापमान बघण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: लोड लावल्यापासून किती वेळाने पडतो? लगेच, मिनिटाभराने, की अर्ध्या तासाने? या उत्तरात निम्मं निदान झालेलं असतं. टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वाढीव स्पीड, पडण्याची जेवढी कारणं आहेत, त्या प्रत्येकाला आपापला वेळ लागतो. करंटची मर्यादा मिलिसेकंदांत लागते. कूलरचा तळ नीट बसला नसेल तर दोन-चार सेकंदांत कोअर १०० अंशांना भिडतात. पॉवर लिमिटला साधारण मिनिटभर लागतं. बोर्डावरचे पॉवरचे तुकडे तापायला दहा-वीस मिनिटं लागतात आणि लिक्विड कूलरचं पाणी पूर्ण गरम व्हायलाही तेवढाच वेळ जातो. तुमच्या प्रश्नात एक वेळ पन्नास सेकंदांची आहे आणि दुसरी पंचवीस मिनिटांची. हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्याने दुसऱ्याला झाकून ठेवलं होतं, एवढाच त्यांचा संबंध.

पहिला आजार पॉवर लिमिटचा. १०७००के साठी इंटेलने दोन मर्यादा ठरवल्यात: दीर्घ मुदतीची पीएल-१, जी १२५ वॉट आहे, आणि थोड्या वेळासाठी पीएल-२, जी २२९ वॉट आहे. ‘थोडा वेळ’ म्हणजे किती, ते टाउ नावाचा तिसरा आकडा सांगतो, या प्रोसेसरला तो ५६ सेकंद आहे. बऱ्याच झेड४९० बोर्डांवर उत्पादक या मर्यादा मुळातच सैल सोडून देतात, त्यामुळे अनेकांना त्या असतात हेच माहीत नसतं. तुमचा बोर्ड त्या पाळणारा निघाला. त्यात बोर्डाचा दोष काही नाही.

आता ५६ आणि तुमचे पन्नास यांचा मेळ कसा बसतो ते बघा, कारण खात्री करायची जागा हीच आहे. टाउ हे काही स्टॉपवॉच नाही. प्रोसेसर आपल्या वीजवापराची सरकती सरासरी ठेवत असतो. मशीन रिकामं असताना ती वीस वॉटच्या आसपास असते. रेंडर सुरू होऊन वापर २०० वॉटवर गेला की सरासरी हळूहळू चढायला लागते, आणि हिशेब केला तर १२५ ला टेकायला तिला पन्नास सेकंदांच्या आत-बाहेर लागतात. तुम्ही लिहिलेला आकडा नेमका तोच आहे. आणखी खात्री करायची असेल तर पॉवर लिमिट पुन्हा मूळ आकड्यावर आणा, रेंडर लावा, पडला की थांबवा आणि लगेच पुन्हा लावा. या खेपेला पन्नास सेकंद मिळणार नाहीत, फार तर दहा-पंधरा मिळतील, कारण सरासरी अजून उतरलेली नसते. मग मशीन दहा मिनिटं रिकामं ठेवून परत लावा, पुन्हा पन्नास मिळतील. इतकी काटेकोर पुनरावृत्ती उष्णतेच्या घसरणीत कधी दिसत नाही. उष्णतेमुळे पडणारा स्पीड रात्री वेगळा वागतो, दुपारी वेगळा.

दुसरी खूण म्हणजे घसरल्यानंतर तो कुठे बसतो. पॉवर लिमिटमुळे पडलेला प्रोसेसर स्पीड धरून बसत नाही, वॉट धरून बसतो. पॅकेज पॉवरचा आकडा १२५ वर खिळलेला असतो आणि स्पीड कामाप्रमाणे ४.२, ४.३, मध्येच ४.२५ असा हलत राहतो. तुम्ही व्होल्टेज अ‍ॅडॅप्टिव्ह ठेवलंय हे बरं केलंत. स्पीडबरोबर व्होल्टेजही उतरतं म्हणून १२५ वॉटमध्ये ४.२ तरी मिळतात. तेच १.३२ ठरावीक करून ठेवलं असतं तर तेवढ्याच वॉटसाठी त्याला ३.१ च्या जवळपास यावं लागलं असतं. ओव्हरक्लॉक केल्यावर मशीन आधीपेक्षा हळू झालं म्हणून लोक गोंधळतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं मूळ इथेच सापडतं.

हे सगळं अंदाजाने ठरवायची गरजही नाही, कारण प्रोसेसर कारण स्वतः नोंदवून ठेवतो. एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, सेन्सरच्या यादीत प्रोसेसरखाली ‘परफॉर्मन्स लिमिट रिझन्स’ नावाचा गट असतो, तो उलगडा. रीडिंगचा वेग मूळचा दोन सेकंदांचा असतो, तो अर्ध्या सेकंदावर आणा, नाहीतर छोटे झटके निसटतात. मग रेंडर लावा आणि कोणत्या ओळीपुढे ‘येस’ येतंय ते बघा. पीएल-१ पुढे आलं तर वर सांगितलेला आजार. ‘थर्मल इव्हेंट’ पुढे आलं तर प्रोसेसर स्वतः तापलाय. ‘इलेक्ट्रिकल डिझाइन पॉइंट’ पुढे आलं तर करंटची मर्यादा. ‘व्हीआर थर्मल अ‍ॅलर्ट’ किंवा ‘प्रोचॉट’ असेल तर बोर्डाकडे बघायचं. थ्रॉटलस्टॉप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही ‘लिमिट्स’ नावाची खिडकी आहे. तिथे लाल म्हणजे आत्ता चालू आहे आणि पिवळं म्हणजे मघाशी येऊन गेलं. चाचणीआधी ‘क्लिअर’ दाबून पाटी कोरी करा, नाहीतर सकाळची नोंद संध्याकाळच्या खात्यावर जाते.

एक ओळ मात्र मनावर घेऊ नका: ‘मॅक्स टर्बो लिमिट’. तिच्यापुढे ‘येस’ दिसलं की लोक हादरतात. तिचा अर्थ इतकाच की तुम्ही जो मल्टिप्लायर ठरवून दिलाय तिथपर्यंत प्रोसेसर पोचलाय आणि त्याच्या वर जायला परवानगी नाही. ओव्हरक्लॉक नीट चालू असताना तिथे ‘येस’च दिसायला हवं.

आता दुसरा आजार, आणि यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण चुकीच्या निदानाने सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात.

४०९५ टाकलंत म्हणजे तुम्ही मर्यादा काढूनच टाकलीत. त्या खान्यात भरता येणारा तो सर्वांत मोठा आकडा आहे. आता प्रोसेसर अर्धा-अर्धा तास सलग २०० वॉट ओढतोय. ही वीज पॉवर सप्लायकडून १२ व्होल्टने येते आणि बोर्डावरचं व्हीआरएम तिला सव्वा-दीड व्होल्टवर उतरवतं. प्रोसेसरच्या सॉकेटच्या डाव्या बाजूला आणि वर, अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकखाली मॉस्फेटची (वीज चालू-बंद करणाऱ्या तुकड्यांची) जी रांग असते, तेच ते. या उतरवण्यात ९० टक्के कार्यक्षमता धरली तरी २०० वॉटमागे वीस-बावीस वॉटची उष्णता त्या नखाएवढ्या तुकड्यांत तयार होते. पहिल्या मिनिटात काही कळत नाही, हीटसिंक ती पिऊन टाकतो. वीस मिनिटांनी हीटसिंकची क्षमता संपते, मॉस्फेटचं तापमान बोर्डाने ठरवलेल्या सीमेवर जातं आणि बोर्ड प्रोसेसरला इशारा देतो. प्रोचॉट नावाची ही तार दोन्ही बाजूंनी चालते. प्रोसेसर तापला तर तो बोर्डाला सांगतो, बोर्ड तापलं तर ते प्रोसेसरला सांगतं. बोर्डाकडून इशारा आला की प्रोसेसर मोजूनमापून उतरत नाही, थेट तळ गाठतो, म्हणजे मल्टिप्लायर ८, ८०० मेगाहर्ट्झ. दोन-चार सेकंदांत मॉस्फेट थोडे निवतात, इशारा सुटतो, स्पीड वर येतो, पुन्हा तेच. तुम्ही लिहिलेल्या कोसळ-चढीचं हे हुबेहूब वर्णन आहे. प्रोसेसर ८६ वर होता, त्याची सीमा १०० आहे, म्हणजे त्याला स्वतःला थांबायचं काही कारणच नव्हतं.

मग हे टॉवर कूलरच्या काळात का झालं नाही? एक तर तेव्हा पीएल-१ ने प्रोसेसरला मिनिटभरात १२५ वॉटवर आणून व्हीआरएमला वाचवलं होतं. दुसरं कारण हवेचं. टॉवर कूलरचा पंखा सॉकेटच्या अगदी वर फिरतो, त्याची थोडी हवा आजूबाजूला सांडते आणि ती सांडलेली हवाच व्हीआरएमच्या हीटसिंकला पुरते. तुम्ही लिक्विड कूलर बसवला, प्रोसेसरवर फक्त पंप राहिला, पंखे कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर गेले. व्हीआरएमभोवतीची हवा थांबली. मोठा कूलर घेतलात तर प्रोसेसर ८६ चा ८० होईल, आणि ८०० मेगाहर्ट्झ तसेच राहतील.

गेल्या मेमधली एक गोष्ट सांगतो. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका स्टुडिओतलं मशीन रोज दुपारी अडीच-तीनला एक्स्पोर्ट करताना असंच बसायचं. त्यांनीही कूलर बदलून पाहिला होता, विंडोज दोनदा टाकून पाहिली होती. मी साइड पॅनल काढलं, मल्टीमीटरच्या के-टाइप थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या तारेचं) टोक उष्णता सोसणाऱ्या कॅप्टन टेपने व्हीआरएमच्या हीटसिंकवर चिकटवलं आणि एक्स्पोर्ट लावला. वीस मिनिटांनी स्पीड ८०० वर पडला तेव्हा मीटर ५१ दाखवत होता. हे मला खटकलं. हीटसिंक ५१ वर असताना खालचे मॉस्फेट सीमेवर कसे जातील? उष्णता वर पोचतच नव्हती. बोर्ड बाहेर काढलं, मागचे दोन स्क्रू सोडवून हीटसिंक उचलला. खाली करड्या रंगाचा थर्मल पॅड होता आणि त्यावर पातळ पारदर्शक फिल्म तशीच. कारखान्यात सोलायची राहून गेलेली. नखाने तिचा कोपरा उचलला, ती पूर्ण निघून आली, आणि तिच्यावर सहा मॉस्फेटचे चौकोनी ठसे उमटलेले होते. नवा पॅड कापून घातला, स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले. त्याच दुपारी त्याच एक्स्पोर्टला हीटसिंक ७४ वर गेला आणि स्पीड एकदाही पडला नाही. हीटसिंक जास्त तापायला लागला, म्हणजे तो आपलं काम करायला लागला होता.

तुमच्या बोर्डात फिल्म राहिली असेलच असं नाही. बहुतेक वेळा नुसती हवा कमी पडते. म्हणून आधी सोपी परीक्षा करा. साइड पॅनल काढा, घरातला टेबलफॅन बोर्डाच्या दिशेने लावा आणि तोच रेंडर तासभर चालवा. ८०० चे झटके गेले तर निदान पक्कं. मग ८० किंवा ९२ मिलिमीटरचा एखादा साधा पंखा व्हीआरएमवर हवा मारेल असा कायमचा बसवा, मागच्या जाळीचा पंखा चालू आहे ना ते बघा. रेडिएटर कॅबिनेटच्या छतावर बसत असेल तर तिथे हलवा. छतावरचे पंखे बाहेर हवा फेकतात तेव्हा ती सॉकेटच्या आसपासूनच ओढली जाते आणि व्हीआरएमला आपसूक वारा मिळतो. टेबलफॅन लावूनही झटके आलेच, तर मात्र हीटसिंक उचलून पॅड बघायची वेळ आली. हीटसिंकला बोट लावून बघू नका, ६० अंशांच्या वर धातू चटका देतो आणि चालू बोर्डावर हात घसरला तर नुकसान वेगळंच. थर्मोकपलचा मल्टीमीटर काही महाग नाही आणि पुढे शंभर ठिकाणी उपयोगी पडतो.

एक उपाय तुम्हाला व्हिडिओंमधून हमखास सुचवला जाईल: थ्रॉटलस्टॉपमध्ये ‘बीडी प्रोचॉट’ ची खूण काढून टाका. खूण काढली की प्रोसेसर बोर्डाचा इशारा ऐकणं बंद करतो आणि ८०० मेगाहर्ट्झ खरोखर गायब होतात. मॉस्फेट मात्र तापतच राहतात आणि आता त्यांना थांबवणारं कोणी उरत नाही. डेस्कटॉपवर, २०० वॉटच्या लोडला, कृपा करून हे करू नका. जळालेला मॉस्फेट कधी कधी शॉर्ट होतो आणि १२ व्होल्ट सरळ प्रोसेसरमध्ये सोडतो. बोर्ड आणि प्रोसेसर एकाच फटक्यात गेलेले मी हाताळलेत. सेन्सर बिघडून खोटा इशारा देतोय हे सिद्ध झालं असेल तरच त्या खुणेला हात लावायचा.

आता तिसरी गोष्ट. ती तुम्हाला अजून दिसलेली नाही, पण मेमध्ये नक्की दिसेल. तुम्ही ही सगळी चाचणी २८ अंशांच्या खोलीत केलीत आणि प्रोसेसर ८६ वर टेकला. म्हणजे खोलीपेक्षा ५८ अंश वर. हा फरक कूलर आणि वॉट यांवर ठरतो आणि खोली तापली तरी जवळजवळ तेवढाच राहतो, उलट गरम सिलिकॉन किंचित जास्तच वीज खातं. मेच्या दुपारी जळगावातली एसी नसलेली खोली ४० ला गेली की ४० अधिक ५८ म्हणजे ९८. मध्ये जरा धूळ बसली की १०० गाठलेच, आणि तिथे प्रोसेसर स्वतः मल्टिप्लायर उतरवायला लागतो. आपल्याकडे, विदर्भ-खानदेशात तर विशेष, थंडीत पास झालेला ओव्हरक्लॉक मी पास धरत नाही. डिसेंबरात मशीन द्यायचं असेल तर मी लोडचं तापमान घेतो, त्यात मे आणि आजच्या खोलीतला फरक मिळवतो आणि बेरीज ९२ च्या वर गेली तर स्पीड कमी करूनच मशीन बाहेर पाठवतो.

म्हणून तुम्हाला माझा खरा सल्ला ५.० सोडण्याचा आहे. त्यामागचं गणित सांगतो. वीजवापर स्पीडच्या पटीत वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. या प्रोसेसरचा आठही कोअरचा मूळ टर्बो ४.७ आहे. तिथे तुमच्या चिपला १.२२ व्होल्ट पुरत असतील असं धरू. ४.७ वरून ५.० म्हणजे स्पीड सहा टक्के वाढला, व्होल्टेज १.२२ चं १.३२ झालं, आणि दोन्ही मिळून वीज चोवीस-पंचवीस टक्के वाढली. सहा टक्क्यांसाठी पंचवीस टक्के. आता उलट या. ४.८ ला तुमची चिप १.२४ वर स्थिर राहिली, तर ५.० च्या तुलनेत स्पीड चार टक्के कमी होतो आणि वीज पंधरा टक्के. २०० चे १७० वॉट होतात. खोलीवरचा फरक ५८ चा ४९ होतो. मेच्या दुपारी ४० अधिक ४९, म्हणजे ८९. व्हीआरएमवरचा भारही त्याच प्रमाणात उतरतो. तीन तासांच्या रेंडरमध्ये न हलणारे ४.८ हे मध्येच ८०० वर जाऊन येणाऱ्या ५.० पेक्षा कितीतरी लवकर काम संपवतात. गेममध्ये कदाचित ५.० ची गंमत असेल, पण तुमचं पोट रेंडरवर आहे.

तर असं करा. सगळ्या कोअरचा मल्टिप्लायर ४८. व्होल्टेज अ‍ॅडॅप्टिव्हच ठेवा आणि १.२८ पासून सुरू करून ०.०१ च्या पायरीने उतरत जा. प्रत्येक पायरीला सिनेबेंच आर२३ या चाचणीच्या प्रोग्रॅमची दहा मिनिटांची फेरी आणि मग तुमचाच एखादा जड सीन अर्धा तास. मशीन अडकलं किंवा रेंडर बंद पडला की दोन पायऱ्या वर येऊन थांबा. लोडवरचं व्होल्टेज १.३५ च्या वर मी या पिढीला कधीच नेत नाही, रोजच्या कामाच्या मशीनला तर नाहीच. आणि पॉवर लिमिट ४०९५ ठेवू नका. पीएल-१ आणि पीएल-२ दोन्ही १९० करा. तुमचं रेंडर १७० च्या आसपास चालेल, त्यामुळे रोज ही मर्यादा लागणार नाही. पण एखाद्या दिवशी पंप बंद पडला किंवा एखाद्या प्रोग्रॅमने अतोनात भार टाकला, तर मधे एक भिंत असेल. करंटची मर्यादा बहुतेक बोर्डांवर २५५.७५ अँपिअरपर्यंत नेता येते. इलेक्ट्रिकल डिझाइन पॉइंटची ओळ पेटत नसेल तर तिला हात लावायचं कारण नाही.

बायॉसमध्ये असताना ‘एव्हीएक्स ऑफसेट’ किती आहे तेही बघा. तिथे २ असेल तर एव्हीएक्स सूचना (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या जड सूचना) आल्या की मल्टिप्लायर दोनने उतरतो, आणि ब्लेंडरचं सायकल्स इंजिन या सूचना भरपूर वापरतं. ही घसरण ओळखायला सोपी असते: पहिल्या सेकंदापासून असते, बरोबर २०० मेगाहर्ट्झची असते, एका जागी स्थिर असते आणि मर्यादेची कोणतीच ओळ पेटत नाही. ४.८ ला ऑफसेट शून्य ठेवायला हरकत नाही.

पंपाची वायर कुठे लावलीय तेही तपासा. ती ‘पंप’ किंवा ‘एआयओ’ लिहिलेल्या पिनांवर हवी आणि पूर्ण वेगाने चालायला हवी. साध्या पंख्याच्या पिनांवर असेल तर बोर्ड तिला पंखा समजून वेग कमी-जास्त करतं आणि पाणी ऐन वेळी हळू फिरतं. आठ पिनांची प्रोसेसरची वायर चारच पिनांत लावून दिलेली मशिनंही मी पाहिलीत, एक नजर तिथेही टाका. बायॉसमध्ये बदललेला आकडा विंडोजमध्ये दिसतच नसेल तर बोर्डाबरोबर आलेलं ट्यूनिंग सॉफ्टवेअर किंवा इंटेलचं एक्स्टीयू मागे बसून आपला जुना प्रोफाइल लिहीत असतं. एकच ठेवा, शक्यतो बायॉस. आणि रात्री मेन स्विच बंद केल्यावर सकाळी सगळी सेटिंग मूळपदावर येत असतील तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय, तो बदला.

तुम्ही शेवटी विचारलंय की भावाच्या एएमडी रायझन मशीनला हेच लागू आहे का. वेळ मोजायची पद्धत लागू आहे, आकडे वेगळे. तिथे पीपीटी (एकूण वीज), टीडीसी (सलग करंट) आणि ईडीसी (क्षणिक करंट) अशा तीन मर्यादा असतात. १०५ वॉटच्या रायझन ५००० ला त्या १४२ वॉट, ९५ अँपिअर आणि १४० अँपिअर आहेत, आणि रायझन मास्टरमध्ये कोणती भरलीय ते थेट दिसतं. त्यात टाउसारखी मिनिटाची सवलत नाही. तिथे सगळे कोअर एका स्पीडला बांधण्यापेक्षा कर्व्ह ऑप्टिमायझर वापरून व्होल्टेज उतरवणं मला जास्त पटतं, कारण स्पीड बांधला की एका कोअरचा उंच बूस्ट जातो. आणि त्याचं मशीन रायझन ७००० मधल्या वरच्या मॉडेलचं असेल तर पूर्ण भाराला ९५ अंश बघून घाबरू नका, त्यांची रचनाच तिथपर्यंत जाण्याची आहे.

तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा इंटेल घ्यायचा विचार करत असाल, तर मी वर सांगितलेली पॉवर लिमिट वाढवण्याची मोकळीक तिथे घेऊ नका. त्या पिढ्यांतल्या काही प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे कायमची इजा होत असल्याचं इंटेलनेच २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टपासून त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रॅमच्या दुरुस्त्या) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तिथे आधी बायॉस अद्ययावत करायचं आणि इंटेलचा डिफॉल्ट प्रोफाइल ठेवायचा.

आज संध्याकाळी टेबलफॅनची परीक्षा करा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये लॉगिंग चालू करून तासाभराच्या रेंडरची फाइल ठेवा आणि मला तिच्यातल्या पाच गोष्टी कळवा: पॅकेज पॉवर, कोअरचा इफेक्टिव्ह क्लॉक, पीएल-१ ची ओळ, प्रोचॉटची ओळ आणि त्या वेळचं खोलीचं तापमान. बोर्डाच्या सेन्सरमध्ये व्हीआरएम किंवा मॉस नावाचं तापमान दिसत असेल तर तेही. झटके टेबलफॅनने गेले, तर कूलरसाठी काढून ठेवलेल्या पैशांतून एक ९२ चा पंखा आणि १ मिलिमीटर जाडीची थर्मल पॅडची एक पट्टी मागवून ठेवा. पट्टी लागली नाही तरी घरात असू द्या.